गणेश मंडळाची तीन लिप्यांतली पाटी कशी बसवावी

बडोद्यात मंडळाची पाटी म्हटली की मराठी, गुजराती आणि इंग्रजी तिन्ही आल्याच. दांडिया बाजाराकडच्या मंडळांसाठी मी अशा पाट्या बरीच वर्षं करते आहे. ‘तिन्ही ओळींची उंची सारखी ठेवा, पाटी आपोआप जुळते’ हा सल्ला मला दरवर्षी कोणीतरी देतं. तो ऐकू नका.

मराठी आणि इंग्रजीसाठी पॉपिन्स घ्या. इंडियन टाइप फाउंड्री या फाँट बनवणाऱ्या कंपनीचा हा फाँट २०१४ चा. त्यातली देवनागरी निनाद काळे यांची, रोमन जॉनी पिनहॉर्न यांची. दोन्हींचा पाया वर्तुळ आणि रेषांची जाडी जवळजवळ एकसारखी, म्हणून लांबूनही अक्षर स्वच्छ दिसतं. यातली इंग्रजी कॅपिटल अक्षरं देवनागरीपेक्षा मुद्दामच बुटकी ठेवली आहेत. ती ओढून मोठी करू नका.

पॉपिन्समध्ये गुजराती नाही. त्यासाठी त्याच फाउंड्रीचा ‘हिंद वडोदरा’ घ्या. तो इतका काटेकोर भौमितिक नाही, पण शेजारी शांतपणे बसतो.

आता खरी अडचण. गुजरातीला शिरोरेषा नाही. देवनागरीच्या डोक्यावर सलग काळी पट्टी असते, गुजरातीत तिथे मोकळी जागा. त्यामुळे उंची तंतोतंत जुळवली तरी गुजराती ओळ फिकी आणि मागे सरकल्यासारखी दिसते. सुरुवातीला मी गुजरातीचा आकार वाढवला. ओळ लांबली, चौकटीत मावेना, म्हणून आडवी दाबली. तिथेच पाटी बिघडली. आडवं दाबलं की उभे दांडे बारीक होतात, आडव्या रेषा मात्र तेवढ्याच जाड राहतात, आणि गोलांची अंडी होतात. भौमितिक अक्षराचा सगळा जीव त्या गोलात आणि एकसारख्या जाडीत असतो. तो गेला तर हा फाँट घेण्यात अर्थच नाही. मंडळातल्या एका आजोबांनी पाटी बघून विचारलं, “गुजराती ओळ दुसऱ्या कोणाकडून करून घेतलीस का गं?” ते मला फार लागलं, कारण त्यांचं बरोबर होतं.

तेव्हापासून मी आकार वाढवत नाही, वजन म्हणजे रेषांची जाडी वाढवते. मराठी ओळ मीडियम असेल तर गुजराती सेमीबोल्ड. मग पाव आकाराची प्रिंट काढून भिंतीला लावते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून डोळे किलकिले करून बघते. तिन्ही ओळींचा काळेपणा सारखा वाटला की थांबायचं. स्क्रीनवर हे कळत नाही, कितीही झूम करा. नाव चौकटीत मावत नसेल तर दोन ओळी करा, पण दाबू नका.

इंग्रजी कॅपिटलमध्ये अंतर वाढवलं तर छान दिसतं. देवनागरीत तेच केलंत तर शिरोरेषा तुटते, तेव्हा तिथे शून्य. मराठी ओळींमधलं अंतर मोकळं ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो.

मराठी वळणाचे ल आणि श आलेत का, तेही पाहा. हिंदी वळणाचे आले तर सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडून बघा.

फ्लेक्सवाल्याकडे फाइल नेण्याआधी अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे मजकुराचं रेखाचित्रात रूपांतर करा. त्यानंतर पहिली वेलांटी, रफार आणि ‘ऱ्य’ एकेक करून तपासा, आणि मंडळातल्या कुणा मराठी जाणत्याकडून एकदा वाचून घ्या.