सूक्ष्मपतंगाच्या नव्या प्रजातीचं वर्णन कसं करावं

सह्याद्रीत पावसाळ्यानंतर दिव्याच्या पडद्यावर सात-आठ मिलिमीटर पंखविस्ताराचे तपकिरी पतंग येतात. त्यांतले कितीतरी कुठल्याच चित्राशी जुळत नाहीत. पण चित्र सापडलं नाही म्हणून पतंग नवा ठरत नाही. एडवर्ड मेरिक (१८५४–१९३८) या इंग्लिश शाळामास्तराने जगभरातल्या हजारो सूक्ष्मपतंगांना नावं दिली. कारवार, कूर्ग आणि खासी टेकड्यांतून त्याच्याकडे भरपूर नमुने गेले होते. त्याची वर्णनं काही ओळींची, चित्राविना आणि जननेंद्रियांचा उल्लेख नसलेली आहेत. त्यामुळे कोकण-गोव्यातल्या पतंगाला नवा म्हणण्याआधी त्या जीनसमधल्या (जवळच्या प्रजातींच्या गटातल्या) भारत, श्रीलंका आणि म्यानमारच्या प्रत्येक नावाचं मूळ वर्णन वाचावं लागतं. शिवाय लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या मूळ नमुन्यांची छायाचित्रंही पाहावी लागतात. पतंगतज्ज्ञ क्लार्क यांनी १९५५पासून मेरिकच्या नमुन्यांची ८ खंडांची सचित्र सूची काढली. त्यात जननेंद्रियांच्या प्लेट आहेत, पण सगळी कुळं नाहीत. उरलेल्यांसाठी म्युझियमला ईमेल करून छायाचित्रं मागवावीत. या कामाला महिने लागतात, आणि इथे घाई केली की जुन्याच पतंगाला दुसरं नाव पडतं.

नमुना गोळा करण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी घ्या. पतंग मारायला अमोनियाची वाफ चांगली, कारण अंग मऊ राहतं आणि पंख सहज पसरता येतात. मात्र हिरवे रंग तिने बिघडतात. तसा पतंग असेल तर त्याला फ्रीझरमध्ये ठेवा. अल्कोहोलच्या बाटलीत टाकू नका, खवले झडतात. ०.१५ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक मिनुटेन (डोकं नसलेली अतिबारीक) टाचणी छातीच्या मधोमध घालून त्याच दिवशी पंख पसरवा. लेबलवर राज्य, जिल्हा, गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, पद्धत आणि गोळा करणाऱ्याचं नाव हवं. महिना रोमन अंकांत लिहा, नाहीतर ४-७ म्हणजे एप्रिल की जुलै, असा प्रश्न पुढच्या पिढीला पडतो.

डीएनएसाठी एका बाजूचा पाय स्वच्छ चिमट्याने काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवा. त्यातून सीओआय या जनुकाचा ६५८ बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) बारकोड, म्हणजे प्रजाती ओळखायला वापरला जाणारा तुकडा, मिळतो. बोल्ड या बारकोडच्या डेटाबेसमधल्या जवळच्या प्रजातीशी दोन टक्क्यांहून जास्त फरक दिसला, तर तो बारकाईने पाहण्याचा इशारा समजा. तो पुरावा नव्हे. काही वेगळ्या प्रजातींत फरक याहून कमी असतो, तर एकाच प्रजातीत दूरच्या डोंगरांमध्ये तो जास्तही भरतो.

खरा निवाडा पोटाच्या टोकाशी होतो. पोट खालून वर हलकं उचललं की सुटतं. ते १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवा, किंवा गरम पाण्यात ठेवलेल्या परीक्षानळीत १०–२० मिनिटं. हातमोजे घाला, हे द्रावण कातडी भाजतं. वेळ कमी पडला तर स्नायू चिकटून राहतात आणि कडा दिसत नाहीत. जास्त झाला तर भाग इतके पारदर्शक होतात की रंग धरत नाहीत, म्हणून मायक्रोस्कोपखाली अधूनमधून बघत राहा. मग पाण्यात धुऊन, आखूड कापलेल्या ब्रशने खवले काढा आणि ३० टक्के अल्कोहोलमध्ये जननेंद्रियं वेगळी करा. नरात वाल्वा (मादीला धरणाऱ्या पाकळ्या) उघडून पसरवा आणि फॅलस (शिश्न) बाहेर काढून शेजारी ठेवा. वेसिकातल्या (फॅलसमधल्या पातळ पिशवीतल्या) काट्यांची संख्या आणि जागा नोंदवा, कारण जवळच्या प्रजाती अनेकदा तेवढ्यानेच वेगळ्या होतात. मादीत ऑस्टियम (मीलनाचं छिद्र) पोटाच्या सातव्या-आठव्या खंडाच्या सीमेवर असतं. सातवा खंड फाडून टाकलात तर सर्वांत उपयोगी खूण गेली. कॉर्पस बर्सीचं (नराचं वीर्य घेणाऱ्या पिशवीचं) पटल अतिशय पातळ असतं. ते दिसावं म्हणून क्लोराझोल ब्लॅकने रंगवा, पण काही सेकंदच, नाहीतर सगळंच काळं पडतं.

युपरालमध्ये (स्लाइड कायमची बसवण्याच्या चिकट द्रवात) काचेखाली बसवण्याआधी द्रवात तरंगत असतानाच फोटो काढा. काचेच्या दाबाने वाल्वांचा आकार बदलतो, आणि दोन स्लाइडमधला तो फरक नवी प्रजाती म्हणून छापला जाऊ शकतो. स्लाइडचा क्रमांक पतंगाच्या टाचणीवरही हवाच.

वर्णनाचा क्रम ठरलेला आहे: डोकं, ओठाच्या स्पर्शिका, शृंगिका, छाती, पुढचा पंख, मागचा पंख, पाय, पोट, मग नर आणि मादीची जननेंद्रियं. पुढच्या पंखाची लांबी मुळापासून झालरीच्या टोकापर्यंत मोजा आणि किती नमुने मोजले तेही लिहा. वेगळेपणाचा परिच्छेद स्वतंत्र ठेवा. त्यात सर्वांत जवळच्या दोन-तीन प्रजातींची नावं घेऊन, कोणता अवयव कसा वेगळा, एवढंच सांगा. ‘रंग जरा गडद’ हे कारण चालत नाही. झिजलेला पतंग फिकट असतोच. हाती एकच नमुना असेल आणि फरक ठळक नसेल, तर पुढच्या हंगामापर्यंत थांबणं योग्य.

प्राणिनामकरण संहितेनुसार सन २०००पासून होलोटाइप (नावाचा आधार ठरणारा एकच नमुना) स्पष्टपणे नेमून तो कुठल्या संग्रहात आहे हे छापावं लागतं. सूक्ष्मपतंगांत तो शक्यतो नर निवडावा, कारण तुलनेची चित्रं बहुतेक नरांचीच मिळतात. त्याला लाल लेबल लावतात. भारतात २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नव्या प्रजातीची माहिती नेमून दिलेल्या संग्रहाला कळवून तिथे नमुना जमा करणं बंधनकारक आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण त्यांपैकी एक असून त्याचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. उरलेले पॅराटाइप (वर्णनात वापरलेले बाकीचे नमुने) एकाच कपाटात न ठेवता दोन संस्थांत वाटा.

नाव ठेवताना जीनसचं लिंग तपासा. गावावरून ‘-एन्सिस’, पण जीनस नपुंसकलिंगी असेल तर ‘-एन्से’. पुरुषाच्या नावाला ‘-आय’, स्त्रीच्या नावाला ‘-ए’. स्वतःचं नाव देण्याची रीत नाही. त्या जीनसमध्ये तेच नाव आधी कुणी वापरलं आहे का, हे पाहाच. नियतकालिक फक्त ऑनलाइन निघत असेल तर प्रकाशनाआधी झूबँक या प्राणिनावांच्या अधिकृत नोंदवहीत नोंदणी करून तिचा पुरावा लेखातच छापावा लागतो. तो राहिला तर नाव ग्राह्य धरत नाहीत. लेख प्रसिद्ध होईपर्यंत ते नाव प्रबंधात, पोस्टरवर किंवा फोटोखाली कुठेही लिहू नका. दुसऱ्या कुणी ते वर्णनासह आधी छापलं, तर नाव त्याच्या खात्यावर जातं.