फायालला कसं जावं: शिडाच्या होड्यांच्या बेटावर पाच दिवस

सिंहगड चढताना दम लागला की ज्या काळ्या कातळावर आपण हात टेकतो, तो एके काळी वाहता लाव्हा होता, हे शाळेत शिकलेलं असतं. पण ती गोष्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची; तिची ऊब काही हाताला लागत नाही. तसलाच दगड अगदी अलीकडे जन्मलेला बघायचा असेल, तर अटलांटिकच्या मधोमध, पोर्तुगालच्या अझोर्स द्वीपसमूहात, फायाल नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ 173 चौरस किलोमीटर, वस्ती पंधराएक हजार. महासागर शिडावर ओलांडणाऱ्या होड्या दम खायला इथे थांबतात. पुण्यातून तिथे जाणं अवघड नाही, पण बेत आखताना आपली घाई घरी ठेवावी लागते.

आधी महिना ठरवा

तिकिटाच्या आधी महिना. कॅरिबियनकडून युरोपात परतणाऱ्या होड्या मे-जूनमध्ये फायालच्या ऑर्ता बंदरात दाटी करतात. (गावाचं नाव लिहिताना पहिलं अक्षर 'ह'चं असतं, पण पोर्तुगीजमध्ये तो मुका. मी पहिला दिवस 'होर्ता, होर्ता' करत घालवला.) जुलैत हायड्रेंजिया फुलतो आणि शेतांच्या कडेची कुंपणं निळी होतात, 'निळं बेट' हे टोपणनाव त्यावरूनच पडलं. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात 'सेमाना दु मार', म्हणजे समुद्राचा आठवडा असतो. तेव्हा शर्यती आणि गर्दी दोन्ही भरपूर.

माझं मत विचाराल तर मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा. आपल्याकडे शाळा उघडायच्या आत परत येता येतं आणि धक्क्यावर जगभरचे झेंडे बघायला मिळतात. फुलं हुकतील, हुकू देत.

कागदपत्रं

अझोर्स शेंगेन क्षेत्रातच (युरोपातल्या अनेक देशांचा सामायिक व्हिसा-विभाग) येतं, त्यामुळे पोर्तुगालचा शेंगेन व्हिसा पुरतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान पंधरा दिवस आधी करायची अट आहे, पण उन्हाळ्यात त्या पंधरा दिवसांवर विसंबू नका. मोठ्यांसाठी शुल्क 90 युरो, व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा. बाकी बँकेचं स्टेटमेंट, आयटीआर, हॉटेलचं बुकिंग हे नेहमीचंच.

एक काम मात्र लोक विसरतात. बेटावर बस मोजक्याच आहेत, गाडी भाड्याने घेतलेली बरी. त्यासाठी संगम पुलाजवळच्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. तो एक वर्ष चालतो. गाडी उजव्या बाजूने चालवायची आहे, तेव्हा पहिला तासभर शेजारच्याला ओरडायची मुभा देऊन ठेवा.

पोचायचं कसं

मुंबईहून आखातातलं किंवा युरोपातलं एखादं शहर करून लिस्बन, आणि तिथून ऑर्ता. लिस्बनपासून हे अंतर सुमारे 1,700 किलोमीटर, सगळं पाण्यावरून. लिस्बनला जाताना आणि येताना एकेक रात्र मोकळी ठेवा. का, ते शेवटी सांगतो.

बॅगेत विंडचीटर, पाणी न शिरणारे बूट आणि आलेपाकाच्या वड्या. छत्री नको, तिथला वारा ती पहिल्याच दिवशी उलटी करतो. एका दिवसात चारही ऋतू होतात असं तिथली माणसं म्हणतात, आणि ती थट्टा करत नसतात.

पहिली संध्याकाळ धक्क्यावर

सामान टाकलं की थेट मरीनावर जा. धक्क्याचा कठडा, पायाखालचं काँक्रीट, पायऱ्या, जिकडे बघाल तिकडे चित्रं. प्रत्येक होडीने निघण्याआधी आपलं चित्र काढायचं, नाही काढलं तर पुढच्या प्रवासात काहीतरी अशुभ घडतं, अशी दर्यावर्द्यांची समजूत आहे. मी बसलो होतो तिथे एक बाई गुडघ्यांवर ओणवी होऊन होडीच्या नावाचं शेवटचं अक्षर रंगवत होती. रंगाचा डबा दोरीने मनगटाला बांधलेला. नवरा शेजारी बसून शीड शिवत होता, जाड सुईने, तळहातावर चामड्याची पट्टी चढवून, आपल्याकडे गोधडी शिवतात तशा सावकाश टाक्यांनी. अर्धा तास दोघं एकमेकांशी एक शब्द बोलली नाहीत. इथे आपण काही रंगवायला जाऊ नये. ती जागा समुद्र ओलांडून आलेल्यांची आहे, विमानाने आलेल्यांची नव्हे.

मग समोरच्या 'पीटर कॅफे स्पोर्ट'मध्ये शिरा. 1918 पासूनची ही जागा खलाशांची पत्रं त्यांची होडी येईपर्यंत सांभाळून ठेवत आली आहे. आत छतापासून निशाणं लटकतात. जिन-टॉनिक प्रसिद्ध आहे. न पिणाऱ्याला कॉफी मिळते आणि कोणी वाकडं बघत नाही. वरच्या मजल्यावर व्हेलच्या दातांवर कोरलेल्या चित्रांचं छोटं संग्रहालय आहे, ते चुकवू नका. एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस, जोशुआ स्लोकम, जुलै 1895 मध्ये याच बेटावर थांबला होता. निघताना त्याला आलूबुखार आणि पांढरं चीज मिळालं. ते दोन्ही त्याने भरपूर खाल्लं, पोटात कळा आल्या आणि तापात त्याला कोलंबसच्या ताफ्यातला सुकाणूवाला आपली होडी हाकताना दिसला. चीज उत्तम आहे. फक्त बेताने खा.

होड्या नुसत्या बघू नका, समजून घ्या

खडकवासल्याच्या पाण्यावर एनडीएचे कॅडेट शिडाच्या होड्या शिकतात, तेवढाच बहुतेक पुणेकरांचा शिडाशी संबंध. फायालला मात्र ही घरची गोष्ट आहे. तिथल्या लांब, निमुळत्या लाकडी होड्या मुळात व्हेलच्या शिकारीसाठी बांधल्या जात. ही विद्या अमेरिकी शिकारी जहाजांवर कामाला गेलेल्या बेटकऱ्यांनी आणली. एका होडीत सात माणसं. टेकडीवरच्या टेहळ्याला व्हेलचा फवारा दिसला की तो दारूचा बाण सोडायचा, आणि गाव हातातलं काम टाकून धक्क्याकडे धावायचं. 1980 च्या दशकात शिकार थांबली. आता त्याच होड्या शिडावर आणि वल्ह्यांवर शर्यती खेळतात, आणि टेहळे पर्यटकांच्या बोटींना रेडिओवरून व्हेल कुठे आहे ते सांगतात. अशा बोटीची सकाळची फेरी घ्या. आलेपाक तेव्हासाठी.

पोर्तू पिं किनाऱ्यावर जुना व्हेल कारखाना आता संग्रहालय झाला आहे. तासभर पुरतो.

कापेलिन्युश आणि काल्देइरा

27 सप्टेंबर 1957 ला बेटाच्या पश्चिम टोकापुढे, कापेलिन्युशला, समुद्र उकळायला लागला. तेरा महिने राख आणि लाव्हा पडत राहिला. जवळजवळ अडीच चौरस किलोमीटर नवी जमीन तयार झाली. त्यातली बहुतेक लाटांनी परत नेली. घरं, शेतं राखेखाली गेली आणि हजारो माणसं अमेरिकेला गेली. त्यांच्यासाठी 1958 मध्ये तिकडे खास कायदा झाला, आणि तो मांडणाऱ्यांत सिनेटर जॉन केनेडी होते. आज दीपगृहाचा खालचा मजला राखेत गाडलेला दिसतो. माहिती केंद्र तर जमिनीखालीच बांधलंय. मनोऱ्यावर चढा. वारा जोराचा आहे, टोपी हातात धरा. उतरल्यावर राखेवर बोट फिरवून बघा. करडी, खरखरीत, भाजक्या विटेच्या भुशासारखी. आपल्या पाताळेश्वर लेण्याचा दगडही याच कुळातला, फक्त म्हातारा.

काल्देइरा हे बेटाच्या मध्यावरचं ज्वालामुखीचं मुख, दोन किलोमीटर रुंद, चारशे मीटर खोल. सकाळी खिडकीतून डोंगरमाथा दिसला तरच जा. ढगात असेल तर वर फक्त पांढरं दिसतं. चढाच्या वाटेवर पिवळा सोनटक्का ओळखीचा वाटेल. तो खरंच आपल्याकडचा, हिमालयातला. तिथे मात्र उपद्रवी तण ठरलाय.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर फेरीने अर्ध्या तासात समोरच्या पिकू बेटाला जाऊन या. तिथला पर्वत 2,351 मीटरचा, आपल्या कळसूबाईपेक्षा सातशे मीटर उंच.

शाकाहाऱ्यांनी काय करावं

'सें कार्न, सें पेइश', म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढं पाठ करा. चीज, पाव, अंडी, सूप. सूपमध्ये सॉसेजचा तुकडा असतोच, आधी विचारा. मेनूत 'इन्याम' दिसलं तर डोळे मिटून मागवा. त्या आपल्या अळकुड्या आहेत, नुसत्या उकडलेल्या. सोबतचं सॉसेज काढून द्यायला सांगा आणि घरून नेलेली लसणाची चटणी वर भुरभुरा.

परतताना

लिस्बनची रात्र मोकळी ठेवा म्हटलं, ती या बेटाच्या धुक्यामुळे. आम्ही शहाणपणा करून ऑर्ताहून सकाळचं आणि लिस्बनहून त्याच रात्रीचं तिकीट काढलं होतं. विमान डोक्यावर घिरट्या घालून शेजारच्या बेटाला निघून गेलं. धुकं उठलं दुसऱ्या दिवशी दुपारी. आम्ही पुन्हा धक्क्यावर जाऊन बसलो, तर त्या बाईचं चित्र वाळलेलं होतं आणि होडीची जागा रिकामी.