सौर युनिट नेमकं कितीला पडतं? हिशेब मांडायची रीत आणि तो कुठे चुकतो

सौर वीज स्वस्त की महाग, या वादात दोन्ही बाजू बहुतेक वेळा खरे आकडेच मांडत असतात. फरक असतो तो आकड्यामागे काय गृहीत धरलंय यात. ते ओळखायचं तर हिशेब एकदा स्वतः मांडायला हवा. त्याला एक साधं स्प्रेडशीट पुरतं. खालचे आकडे रीत समजावी म्हणून घेतलेत. आपल्या प्रकल्पाचे आकडे त्यांच्या जागी घाला.

आधी युनिटं मोजा

वर्षात ८,७६० तास असतात. एक किलोवॉट क्षमता वर्षभर पूर्ण ताकदीनं चालली असती तर तेवढी युनिटं मिळाली असती. प्रत्यक्षात त्यातला किती हिस्सा मिळतो, तो क्षमता वापर गुणांक. सौरासाठी तो जागेनुसार साधारण १० ते २५ टक्के, जमिनीवरच्या पवनचक्क्यांसाठी २५ ते ४५ टक्के असतो. आपण २० टक्के धरू, म्हणजे किलोवॉटमागे वर्षाला १,७५२ युनिटं.

सर्वांत मोठी चूक इथेच होते. सौर प्रकल्पाची क्षमता दोन प्रकारे सांगतात: पॅनेलची डीसी (एकदिश वीज) आणि तिची ग्रिडला चालणारी एसी (प्रत्यावर्ती वीज) करणाऱ्या इन्व्हर्टरची एसी. पॅनेल १३० किलोवॉटची आणि इन्व्हर्टर १०० किलोवॉटचा, अशी रचना नेहमीची आहे. अशा प्रकल्पाचा गुणांक डीसीवर २० टक्के असेल तर एसीवर तोच २६ टक्के दिसतो. वीज तेवढीच, फक्त भागाकार बदलला. पण खर्च डीसी किलोवॉटचा घेतला आणि गुणांक एसीचा, तर किलोवॉटमागे २,२७८ युनिटं येतात आणि वीज कागदावर जवळपास पाव हिश्शानं स्वस्त होते. म्हणून कोणताही अहवाल हातात आला की पहिला प्रश्न हाच: किलोवॉट कोणता?

पॅनेल दरवर्षी थोडं थोडं उतरतं. वर्षाला अर्धा टक्का घट धरली तर पंचवीस वर्षांच्या हिशेबात युनिटमागचा खर्च साधारण ४ ते ५ टक्क्यांनी वाढतो. पुढच्या उदाहरणात सोपेपणासाठी ही घट सोडली आहे. खऱ्या हिशेबात ती सोडू नका.

भांडवलाचा वार्षिक हप्ता

आज केलेला खर्च वर्षांवर वाटायचं सूत्र असं (दर म्हणजे गुंतवलेल्या पैशावर दरवर्षी द्यावं लागणारं व्याज किंवा परतावा):

वार्षिक हप्ता = भांडवल × दर × (१ + दर)^वर्षे ÷ [(१ + दर)^वर्षे − १]

भांडवलात पॅनेल, इन्व्हर्टर, सांगाडे, केबल, जमीन, ग्रिडजोडणी आणि बांधकाम चालू असतानाचं व्याज, सगळं धरा. शेवटच्या दोन गोष्टी विसरल्या जातात, आणि उपकेंद्र लांब असेल तर ग्रिडजोडणी एकटीच हिशेब उलटवू शकते.

आपलं उदाहरण: किलोवॉटला ८०० डॉलर भांडवल, वर्षाला १५ डॉलर देखभाल, आयुष्य २५ वर्षं. दर ८ टक्के धरला तर हप्ता ७४.९ डॉलर येतो. त्यात देखभाल मिळवून १,७५२ नं भागा. एक युनिट ५.१३ सेंटला पडलं.

आता फक्त दर बदला. ४ टक्क्यांना तेच युनिट ३.७८ सेंटला पडतं, १२ टक्क्यांना ६.६८ सेंटला. पॅनेल तीच, ऊन तेच, तरी खर्च ७७ टक्क्यांनी वाढला.

शेजारी गॅसवरचा प्रकल्प मांडा. भांडवल किलोवॉटला ९०० डॉलर, देखभाल २५ डॉलर, आयुष्य तेच २५ वर्षं, गुणांक ६० टक्के, कार्यक्षमता ५५ टक्के, गॅस एमएमबीटीयूला (गॅसमधली उष्णता मोजायचं माप) ४ डॉलर. एक एमएमबीटीयू म्हणजे २९३ युनिटं उष्णता, म्हणून विजेच्या युनिटमागे इंधन २.४८ सेंटचं लागतं. भांडवल आणि देखभाल धरून ४ टक्के दराला एकूण ४.०५ सेंट, १२ टक्क्यांना ५.१४ सेंट. वाढ फक्त २७ टक्के.

म्हणजे ४ टक्क्यांवर सौर जिंकतं आणि १२ टक्क्यांवर गॅस. स्वच्छ ऊर्जेच्या अर्थकारणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि तिच्याकडे अजूनही पुरेसं लक्ष दिलं जात नाही असं आमचं ठाम मत आहे. सौर आणि पवन प्रकल्पाचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी होतो, त्यामुळे व्याज हेच त्यांचं इंधन. ज्या देशात कर्ज महाग, तिथे स्वच्छ वीज महाग, मग ऊन कितीही कडक असो. पॅनेलवर अनुदान द्यायचं की प्रकल्पाची जोखीम कमी करायची, हे ठरवण्याआधी धोरणकर्त्यांनी हा हिशेब समोर ठेवायला हवा.

दर कुठून येतो

कर्ज आणि भागभांडवल यांचं वजनी सरासरी मूल्य काढा. समजा ७० टक्के कर्ज ६ टक्क्यांनी आणि ३० टक्के भागभांडवल, ज्याला १२ टक्के परतावा हवा. ४.२ अधिक ३.६, म्हणजे ७.८ टक्के. (कराचा परिणाम इथे सोडला आहे.)

हीच वीज खुल्या बाजारात, रोजच्या भावानं विकायची ठरली तर बँक हात आखडते: कर्ज ५० टक्केच, तेही ७ टक्क्यांनी, आणि भागधारक १५ टक्के मागतात. सरासरी ११ टक्के, युनिट ६.२८ सेंट. उलट वीस वर्षांची भावाची हमी असेल तर ८० टक्के कर्ज ५ टक्क्यांनी मिळू शकतं आणि भागधारक १० टक्क्यांवर समाधान मानतात. सरासरी ६ टक्के, युनिट ४.४३ सेंट. १.८५ सेंटांचा हा फरक एका करारानं पडतो.

महागाईचा घोळ टाळा. बँक सांगते तो दर महागाईसकट असतो. वीजदर आजच्या किमतीत मांडायचा असेल तर महागाई वजा झालेला दर वापरायला हवा. समजा बँकेचा दर १० टक्के आणि महागाई ५ टक्के: १.१० ला १.०५ नं भागा, एक वजा करा, ४.७६ टक्के. एका रकान्यात महागाईसकट दर आणि दुसऱ्यात स्थिर किमती ठेवल्या की उत्तराला अर्थ राहत नाही. कर्ज परकीय चलनात असेल तर चलन घसरण्याची जोखीमही दरात यायला हवी.

खर्च झाला, आता वीज विकून मिळणार किती?

युनिट ४.४३ सेंटला पडतं आणि बाजारात सरासरी भाव ५ सेंट आहे. प्रकल्प फायद्याचा? थांबा.

दिवसाचे सहा-सहा तासांचे चार भाग करा. मध्यरात्रीपासून भाव अनुक्रमे ५, ४, ३ आणि ८ सेंट. सरासरी ५. पण सौर उत्पादन दुसऱ्या भागात ४५ टक्के, तिसऱ्यात ५२ टक्के आणि संध्याकाळी जेमतेम ३ टक्के. भाव आणि हिस्सा गुणून बेरीज करा: १.८० + १.५६ + ०.२४ = ३.६० सेंट. सरासरीच्या ७२ टक्केच हाती आले आणि प्रकल्प तोट्यात गेला.

शेजारी जितके सौर प्रकल्प वाढतील तितका हा आकडा खाली जातो, कारण सगळे एकाच वेळी वीज घेऊन बाजारात येतात. म्हणून पंचवीस वर्षं आजचाच भाव धरणारा आराखडा परत पाठवा. तासवार भावांची किमान एक वर्षाची यादी घ्या, तासवार उत्पादनाशी गुणा, आणि दुपारचा भाव दरवर्षी घसरता ठेवून पुन्हा तपासा.

बॅटरी जोडली तर

साठवणुकीचा खर्च ठरतो तो बॅटरी वर्षातून किती वेळा भरते-रिकामी होते यावर. युनिटभर साठवणुकीला २५० डॉलर, आयुष्य १५ वर्षं, दर ८ टक्के: वार्षिक हप्ता २९.२ डॉलर. दर फेरीला ९० टक्के क्षमता वापरली आणि वर्षात ३३० फेऱ्या झाल्या तर २९७ युनिटं बाहेर येतात, प्रत्येकावर ९.८ सेंटांचा बोजा. शिवाय भरताना-काढताना १५ टक्के वीज वाया जाते: ५.१३ सेंटचं युनिट ०.८५ नं भागलं की ६.०४ होतं.

तीच बॅटरी वर्षातून ३० वेळाच वापरली तर बोजा युनिटला एक डॉलरच्या वर जातो. दुपारची वीज रात्री द्यायला बॅटरी योग्य आहे, एका ऋतूची दुसऱ्या ऋतूत न्यायला परवडत नाही. हे दोन प्रश्न एकत्र करून "साठवणूक परवडते का" असं विचारलं की उत्तर हमखास चुकतं.

जुना प्रकल्प बंद करायचा असेल तर

इथे तुलना बदलते. जुन्या कोळसा प्रकल्पाचं भांडवल बुडालेलं किंवा फिटलेलं असतं. नव्या स्वच्छ विजेची तुलना त्याच्या फक्त चालू खर्चाशी करा. चालू खर्च ३ सेंट, साठवणुकीसकट स्वच्छ वीज ७ सेंट, आणि कोळशाचं युनिट सुमारे ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतं असं धरा. फरक ४ सेंट, भागिले ०.९ किलो: टनाला सुमारे ४४ डॉलर. कार्बनची किंमत याच्या खाली असेल तर जुना प्रकल्प केवळ बाजाराच्या जोरावर बंद होणार नाही, त्यासाठी मुदत ठरवणारा कायदा किंवा भरपाई लागेल. कार्बन कर पहिल्यांदा १९९० मध्ये फिनलंडनं लावला, युरोपीय संघाचा उत्सर्जन परवान्यांचा बाजार २००५ मध्ये सुरू झाला. दोन्ही मार्ग चालतात. मात्र बाजारातली किंमत वर-खाली होत असेल तर कर्ज देणारी बँक ती हिशेबात फारशी धरत नाही, हे ध्यानात ठेवा.

भावहमीचा करार वाचताना

आज अनेक ठिकाणी दुतर्फी फरक-करार वापरतात. ठरलेला भाव ५ सेंट असेल आणि बाजारात ३ मिळाले तर सरकारी संस्था २ देते. बाजारात ९ मिळाले तर प्रकल्प ४ परत करतो. ग्राहकाला भडक्यापासून संरक्षण, बँकेला निश्चिती.

तीन कलमं नीट वाचा. बाजारभाव तासाचा धरलाय की महिन्याच्या सरासरीचा? महिन्याचा असेल तर दुपारच्या घसरणीचा फटका प्रकल्पावरच राहतो. भाव शून्याखाली गेला तर पैसे मिळतात का? मिळत असतील तर नको असलेली वीजही ग्रिडमध्ये ढकलली जाते. आणि ठरलेला भाव महागाईशी जोडलाय का? नसेल तर बोली लावणारा महागाईचा धोका आधीच भावात चढवतो.

असे करार लिलावानं देताना बोलीच्या भावाची कमाल मर्यादा ठरवावी लागते, आणि तेव्हा वरचा सगळा हिशेब ताज्या व्याजदरानं पुन्हा करावा लागतो. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये निकाल लागलेल्या फेरीत समुद्रातल्या पवन प्रकल्पांसाठी मर्यादा हजार युनिटांना ४४ पौंड होती, २०१२ च्या किमतींत. दरम्यान व्याज आणि यंत्रसामग्री दोन्ही महागली होती. त्या प्रकारात एकही बोली आली नाही. पुढच्या फेरीत मर्यादा ७३ पौंडांवर नेल्यावर प्रकल्प परतले. मर्यादा फार सैल ठेवली तर ग्राहक जास्त मोजतो, पण रिकाम्या लिलावानं अख्खं वर्ष जातं आणि तेवढी वीज तोवर जुन्या इंधनावरच बनत राहते. म्हणून मर्यादा जाहीर करण्याआधी व्याजाचा दर दोन टक्क्यांनी वाढवून एक रकाना आणि भांडवल पंधरा टक्के वाढवून दुसरा रकाना मांडा, आणि दोन्हींत प्रकल्प उभा राहतो का ते पाहा.