कंटेनरमधलं वेब ॲप सेवा म्हणून चालवताना

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की निफाड-दिंडोरीकडच्या पॅकहाउसमध्ये गाड्यांची आवक, काट्यावरचं वजन, क्रेटची मोजणी रात्री उशिरापर्यंत चालते. त्या नोंदी ठेवणारं वेब ॲप बऱ्याचदा ऑफिसातल्याच एखाद्या लिनक्स मशीनवर, डॉकरच्या कंटेनरमध्ये (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र ठेवून वेगळं चालवणारा डबा) असतं. ते एकदा चालू करून देणं सोपं. वीज जाऊन आल्यावर ते आपणहून उठलं पाहिजे, आणि बंद करताना नीट बंद झालं पाहिजे, तेव्हा त्याला सेवा म्हणायचं. बंद होण्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून आधी तेच.

‘डॉकर स्टॉप’ दिल्यावर घड्याळ बघा. दर वेळी बरोबर १० सेकंद लागत असतील, तर ॲप थांबत नाहीये, मारलं जातंय. डॉकर आधी सिगटर्म (‘आवरून थांब’ असा सिग्नल) पाठवतो, १० सेकंद वाट पाहतो आणि मग सिगकिल (तिथल्या तिथे मारणारा सिग्नल) देतो. सिगटर्म जातो तो कंटेनरमधल्या १ क्रमांकाच्या प्रोसेसला, म्हणजे आत सगळ्यात आधी सुरू झालेल्या प्रोग्रामला. तिथे शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) बसलेला असेल, तर तो सिग्नल पुढे ॲपला देत नाही. शिवाय १ क्रमांकाच्या प्रोसेसने सिगटर्म हाताळायची सोय स्वतः केलेली नसेल, तर कर्नल (लिनक्सचा गाभा) तो सोडूनच देतो. काट्यावरच्या माणसाने सेव्ह दाबलं आणि त्याच क्षणी ॲप मारलं गेलं, तर वजन टेबलात जातं पण पावती निघत नाही. मग त्याच गाडीची नोंद दुसऱ्यांदा होते.

हे होतं कशामुळे? डॉकरफाइलच्या (कंटेनर कसा बांधायचा ते सांगणारी फाइल) सीएमडी ओळीत, म्हणजे सुरू होताना काय चालवायचं त्या ओळीत, ‘आधी मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल), मग गुनिकॉर्न (पायथन ॲप चालवणारा सर्व्हर)’ अशा दोन आज्ञा जोडून साध्या मजकुरात लिहिल्यामुळे. सीएमडी चौकटी कंसात लिहा, प्रत्येक शब्द वेगळ्या अवतरणात. मायग्रेशन हवंच असेल तर छोटी स्क्रिप्ट करा आणि तिच्या शेवटच्या ओळीत गुनिकॉर्नच्या आधी ‘एक्झेक’ लिहा. त्यामुळे शेल बाजूला होतो आणि त्याची जागा ॲप घेतं. खात्री करायला चालू कंटेनरमध्ये ‘प्रॉक’खालच्या ‘१’ फोल्डरातली ‘कॉम’ फाइल वाचा. तिथे ‘एसएच’ दिसलं तर काम बाकी आहे. ॲप स्वतः इतर प्रोग्राम सुरू करत असेल तर ‘इनिट’ हा पर्यायही द्या. त्याने संपलेल्या प्रोसेस साचून राहत नाहीत.

एवढं करूनही एक मेख राहते. हातातल्या विनंत्या संपवायला गुनिकॉर्न मुळात ३० सेकंद घेऊ शकतो आणि डॉकर थांबतो १०. कंपोझ फाइलमध्ये (कंटेनरची सेटिंग लिहायची फाइल) ‘स्टॉप ग्रेस पीरियड’ ४० सेकंद ठेवा.

आपोआप उठण्यासाठी रीस्टार्ट धोरण ‘अनलेस-स्टॉप्ड’ ठेवावं. ‘ऑलवेज’ ठेवलं तर आपण मुद्दाम बंद केलेला कंटेनरही मशीन चालू होताच परत उठतो, आणि दुरुस्तीच्या वेळी ते नकोच असतं. डॉकर स्वतः बूटला सुरू होत नसेल तर यातलं काहीच चालणार नाही. ‘सिस्टिमसीटीएल’ या लिनक्सच्या आज्ञेने तो इनेबल करा आणि मशीन एकदा खरोखर रीबूट करून पाहा.

हेल्थचेकविषयी (ॲप ठीक आहे का याची ठरावीक वेळाने होणारी तपासणी) एक गैरसमज पक्का बसलेला आहे. साधा डॉकर कंटेनरवर ‘अनहेल्दी’ असा शिक्का मारतो, त्याला रीस्टार्ट करत नाही. ॲप अडकलं पण मेलं नाही, तर रीस्टार्ट धोरण गप्प बसतं. तपासणीचा निकाल बघून कळवणारं किंवा रीस्टार्ट करणारं काहीतरी वेगळं लावावं लागतं. ‘स्लिम’ इमेजमध्ये (कंटेनर ज्यावरून बनतो त्या साच्याची छोटी आवृत्ती) बहुधा कर्ल, म्हणजे वेब पत्ता उघडून पाहणारी आज्ञा, नसतो, म्हणून तपासणी कर्लने करत असाल तर ॲप ठणठणीत असूनही तपासणी नापास होते.

कंटेनरमधली वेळ मुळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळात आलेली गाडी आदल्या दिवसाच्या आवकेत दिसते आणि दिवसाचा हिशोब जुळत नाही. ‘टीझेड’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये एशिया/कोलकाता द्या. अल्पाइन (छोटं लिनक्स) इमेजमध्ये टीझेडडेटा, म्हणजे वेळ-विभागांची माहिती, वेगळा बसवा. ॲप जँगोमध्ये (पायथनचा वेब फ्रेमवर्क) असेल तर त्याची सेटिंग वेगळी असते, तीही बदला.

डेटाबेस आणि अपलोड केलेल्या फाइली व्हॉल्यूममध्येच (कंटेनरबाहेर टिकणारी साठवण) ठेवा. कंटेनर काढला की आत लिहिलेलं सगळं जातं.

लॉगला मुळात मर्यादा नसते. ‘मॅक्स-साइज’ १० एमबी आणि ‘मॅक्स-फाइल’ ५ ठेवलं की डिस्क भरत नाही. ॲप कंटेनरच्या आत ०.०.०.० वर, म्हणजे सगळ्या पत्त्यांवर, ऐकू द्या, नाहीतर बाहेरून पोचताच येणार नाही. पण पोर्ट उघडताना मशीनचा १२७.०.०.१ पत्ता (फक्त त्याच मशीनवरून पोचता येणारा) लावा आणि पुढे एनजिनएक्स (बाहेरच्या विनंत्या घेऊन ॲपला देणारा वेब सर्व्हर) ठेवा. डॉकरने उघडलेलं पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलचे नियम टाळून थेट बाहेर दिसतं.

कंटेनर १३७ कोडने बंद झाला, तर त्याला सिगकिल मिळालेला असतो. ‘डॉकर इन्स्पेक्ट’मध्ये ‘ओओएमकिल्ड’ खरं असेल तर मेमरी कमी पडली आहे. मर्यादा वाढवा किंवा गुनिकॉर्नचे वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस) कमी करा. खोटं असेल आणि थांबवताना हा कोड आला असेल, तर पुन्हा त्या १ क्रमांकाच्या प्रोसेसकडे बघा.