ओघळणारी शाई: माझा अनुभव

जुन्या तिकिटांच्या आणि पावत्यांच्या छापील प्रती चिकटवून केलेल्या कोलाजवर मी पातळ केलेल्या पांढऱ्या डिंकाचा हात फिरवला आणि पाहता पाहता काळी अक्षरे जांभळट होऊन कडेने ओघळली. दोष डिंकाचा असावा असे वाटून मी तो दोनदा बदलला. ते श्रम अर्थातच वाया गेले. खरे कारण छपाईत होते. इंकजेट प्रिंटरची डाय शाई पाण्यात विरघळते, तर लेझर प्रिंटरचा टोनर ही उष्णतेने कागदावर वितळून बसलेली प्लॅस्टिकयुक्त भुकटी असल्यामुळे ओल्या डिंकाने हलत नाही. तेव्हापासून मी लेझर प्रतीच वापरतो आणि इंकजेटला पर्याय नसेल, तर आधी फिक्सेटिव्हचे (शाई कागदावर पक्की धरून ठेवणाऱ्या द्रवाचे) दोन हलके फवारे मारून ते पूर्ण वाळू देतो.

कोलाजवर नंतर स्टॅम्पने उमटवलेल्या ठशांची अडचण मात्र उलट निघाली. डिंकाचा थर बसलेला कागद शाई शोषत नाही, त्यामुळे पानाच्या ठशातील बारीक शिरा बोट लागताच पुसल्या गेल्या. तेथे सॉल्व्हंटवर (पाण्याऐवजी रासायनिक द्रावकावर) आधारित शाईचे स्टॅम्प पॅड उपयोगी पडले, परंतु ते खिडकी उघडी ठेवूनच वापरावे आणि वापरलेला स्टॅम्प त्या शाईच्या खास क्लीनरने लगेच पुसावा, कारण ती शाई साध्या पाण्याने निघत नाही.