1900 च्या दशकातल्या अमेरिकन कॉलेज फुटबॉल टीमचा सीझन कसा वाचायचा

आधी एक, हा आपला फुटबॉल नाही, हातात बॉल घेऊन पळायचा तो. रेकॉर्ड 8-1-2 असं दिसलं की आधी जिंकलेल्या, मग हरलेल्या, शेवटी बरोबरीच्या मॅचेस, आणि बरोबरी तेव्हा खूप व्हायची कारण एक्स्ट्रा टाइम वगैरे भानगडच नव्हती.

मग वर्ष बघा, हे विसरलात तर सगळं गंडतं. टचडाउनचे (बॉल समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे नेणं) 6 पॉइंट 1912 पासून, या दशकात 5 च. फील्ड गोल (बॉल किक मारून गोलच्या खांबांमधून काढणं) तर अजून वात आणतो, 1903 पर्यंत 5, 1904 ला 4, 1909 पासून 3. म्हणजे 1905 चा 10-0 स्कोअर दिसला तर दोन टचडाउन आणि दोन्ही किक (टचडाउननंतरची, 1 पॉइंटची) हुकलेल्या असू शकतात, किंवा टचडाउनचे 5, किकचा 1 आणि फील्ड गोलचे 4, आजच्या 6, 1 आणि 3 चा हिशोब लावू नका. फॉरवर्ड पास (बॉल पुढे फेकणं) 1906 ला आला, त्याआधीच्या रिपोर्टात पास शोधत बसू नका.

मोठ्या आकड्यांनीही लगेच भारावू नका. मिशिगनने 1901 च्या सीझनमध्ये 550 पॉइंट केले आणि समोरच्यांना शून्य (!), पण समोर कोण होतं तेही बघा, कारण सीझनभर सगळ्या टीम तोडीस तोड नसायच्या.