इंग्लंडमधल्या खेड्यातलं जुनं चर्च कसं बघावं

मुलांकडे इंग्लंडला गेलेल्या कोल्हापूरकरांचं लंडन-ऑक्सफर्ड पहिल्या पंधरवड्यातच उरकतं. मग एक दिवस खेड्यातल्या चर्चसाठी ठेवा. दिवसात दोन चर्च पुष्कळ झाली. चौथ्या चर्चपर्यंत कुठली खिडकी कुठे पाहिली तेच आठवत नाही.

रविवार टाळा. सकाळी प्रार्थना असते आणि बऱ्याच खेड्यांना त्या दिवशी बसच नसते. मंगळवार ते शनिवार, दहा ते चार ही वेळ चांगली. डिसेंबरात मात्र चारलाच अंधार पडतो. प्रार्थनेच्या वेळा ‘ए चर्च निअर यू’ या संकेतस्थळावर मिळतात. दाराला कुलूप दिसलं तर लगेच परत फिरू नका, किल्ली कुणाकडे आहे ते पुष्कळदा देवडीतल्या फळ्यावर लिहिलेलं असतं.

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० नकाशा घ्या. त्यात ४ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. काळ्या चौकोनावर क्रॉस असेल तर चर्चला चौकोनी मनोरा आहे, काळ्या गोलावर असेल तर निमुळतं शिखर आहे, आणि नुसताच क्रॉस असेल तर दोन्ही नाही. हिरव्या तुटक रेघा म्हणजे शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा. तिथे पिवळे बाण दिसतील. फाटक जसं होतं तसंच लावून पुढे जा.

पोहोचल्यावर आत घुसायची घाई नको, आधी बाहेरून प्रदक्षिणा घाला. वेदी पूर्वेला, मनोरा बहुधा पश्चिमेला आणि दार दक्षिणेला असतं. दक्षिणेच्या भिंतीवर दाराजवळ मधोमध भोक आणि भोवती रेघा असं कोरलेलं दिसलं, तर ते प्रार्थनेची वेळ बघायचं सूर्यघड्याळ.

काळ ओळखायचा तो खिडक्यांवरून. जाड भिंतीत लहान खिडकी, अर्धगोल कमान आणि कमानीवर नागमोडी नक्षी असेल तर नॉर्मन काम, म्हणजे इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांच्या काळातलं, १०६६ ते साधारण ११९०. उंच, अरुंद, टोकदार खिडकी तेराव्या शतकातली. १२७५ ते १३५० च्या दरम्यान खिडकीच्या वरच्या भागात दगडी जाळी येते, पुढे ती वेलीसारखी वळू लागते. त्यानंतर सोळाव्या शतकापर्यंत खिडक्या रुंद होतात आणि दगडी उभ्या पट्ट्या सरळ कमानीपर्यंत जातात. लोकरीच्या पैशावर उभी राहिलेली सफोकमधल्या लॅव्हनमची आणि लाँग मेलफर्डची चर्च या शेवटच्या प्रकारासाठी बघावीत. नॉर्मन कोरीवकामासाठी हेरफर्डशरमधलं किल्पेक गाठा. ते साधारण ११४० चं, म्हणजे खिद्रापूरच्या कोपेश्वराच्याच शतकातलं. छताखाली चर्चभोवती कोरलेले प्राणी आणि चेहरे एकेक करून बघण्यासारखे आहेत, त्यातले काही चांगलेच चावट.

खिडकी मात्र भिंतीचं वय सांगत नाही. जुनी भिंत फोडून नवी खिडकी बसवणं सर्रास चालायचं. भिंतीत वरपासून खालपर्यंत सरळ उभा सांधा दिसला तर बांधकाम दोन टप्प्यांत झालंय. मनोऱ्याच्या पूर्व अंगावर उलट्या ‘व्ही’सारखी खूण असेल तर जुनं छप्पर तिथे टेकत होतं.

सगळ्यात जास्त फसगत एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीमुळे होते. त्या काळात असंख्य चर्चमधलं जुनं प्लास्टर खरवडलं गेलं आणि ‘मध्ययुगीन’ धाटणीच्या नव्या खिडक्या बसल्या. याला विरोध म्हणून विल्यम मॉरिस या कलावंत-लेखकाने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्थाच काढली. कोल्हापूरचा टाऊन हॉल साधारण त्याच काळातला, आणि टोकदार कमानींचा तोच सोस त्यातही आहे. जायच्या आधी एकदा त्याच्या कमानी नीट बघून घ्या. दगडाच्या कडा अजून धारदार, सगळे दगड एका मापाचे, आत चकचकीत रंगीत फरशी आणि व्हार्निश मारलेले बाक अशी लक्षणं एकत्र दिसली, तर समोरचं काम टाऊन हॉलच्या वयाचं असण्याचीच शक्यता जास्त.

आत अंधार असतो. दिव्याचं बटण दाराजवळ सापडतं, आणि बऱ्याच ठिकाणी ते काही मिनिटांनी आपोआप बंद होतं. छोटी विजेरी आणि ८ पट दुर्बीण सोबत ठेवा, कारण छताचं लाकूडकाम नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाही. बाप्तिस्म्याचं दगडी कुंड बहुधा दाराजवळ असतं आणि ते इमारतीहून जुनंही असू शकतं. वेदीजवळच्या दक्षिण भिंतीत पाणी निथळायचं छोटं भांडं असतं. तसंच भांडं दुसऱ्या भिंतीत सापडलं तर तिथेही एके काळी वेदी होती. सोळाव्या शतकातल्या, प्रोटेस्टंट पंथ आणणाऱ्या धर्मसुधारणेत भिंतींवरच्या चित्रांवर चुना फासला गेला, त्यामुळे कुठे कुठे लालसर तुकडेच डोकावतात. त्यांना हात लावू नका. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ठेवायला १५३८ मध्ये सुरुवात झाली, पण त्या जुन्या वह्या चर्चमध्ये शोधू नका. बहुतेक आता जिल्ह्याच्या अभिलेखागारात आहेत.

चपला काढायची गरज नाही, चिखलाचे बूट मात्र देवडीत ठेवा. पुरुषांनी टोपी काढावी. प्रार्थना चालू नसताना फोटोला सहसा हरकत नसते. देवडीला जाळीचं दार असेल तर ते आत जाताना आणि बाहेर येताना ओढून घ्या, नाहीतर पक्षी आत शिरून अडकतात. प्रवेश फुकट असतो, पण छप्पर गावकऱ्यांच्या वर्गणीवर टिकतं, तेव्हा पेटीत दोन-तीन पौंड टाकावेत. नाणी नसली तर कार्डाचं यंत्रही आता ठिकठिकाणी दिसतं. परतीच्या शेवटच्या बसची वेळ मात्र उतरतानाच थांब्यावर वाचून घ्या.